घाम न फुटणारा होस

आयुष्यभर आरमाराच्या नोकरीत होतो आणि त्यातली सगळ्यात अवघड वर्षं सोलापुरात काढली, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. त्याचं काही चुकत नाही. सोलापुरात तळं आहे, पण आरमार काही नाही. एका लग्नात वधूपक्षाच्या गृहस्थांनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "निवृत्त झालात, की त्यांनीच काढलं?"

म्हणून आधी धंदा काय होता ते सांगतो. युद्धनौका म्हटलं की लोकांना लोखंड आणि तोफा दिसतात. पण ती दुरुस्तीसाठी गोदीत येते तेव्हा तिच्या पोटातून निम्मा बाजार बाहेर निघतो. दोरखंड, कॅनव्हास, झोपायच्या झोळ्या, रंग, कुंचे, आग विझवायचे होस. हे सगळं एकेकाळी विलायतेहून यायचं. साहेब गेला तरी त्याचा माल येत राहिला. मग वरती ठरलं की जे इथं बनेल ते इथंच बनवायचं. ठरवायला काय जातंय! इथं बनलेला माल गोदीत पोचल्यावर खराब निघाला, तर बोट अडकून पडते आणि तिच्याबरोबर तिच्यावरची माणसं. तेव्हा जिथं माल बनतो तिथंच आपला एक माणूस बसवायचा, अशी पद्धत पडली. त्यानं माल बघायचा, ताणायचा, भिजवायचा, आणि पटलं तरच शिक्का मारायचा. सोलापूरच्या कापडासाठी बसवलेला तो माणूस मी. मूळचा माळशिरसकडचा. समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर, आणि पाहून फारसा खूश झालो नाही. गिरणीत मला तोंडावर 'शिक्केवाले साहेब' म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते मला ठाऊक होतं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

सोलापूरच्या विणकराला कापड शिकवायला जाणं म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखं. माझं भांडण कारागिरीशी कधीच नव्हतं, ते असायचं त्यांच्या सवयीशी. एका कारखानदारानं झोळ्यांच्या कॅनव्हासला लाल-हिरवा सुंदर काठ घालून पाठवला होता. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, "बिनकाठाचं कापड कफनाला लागतंय सायेब. जित्या मानसाला त्यात कसं निजवायचं?" मी नियमावर बोट ठेवून सगळे काठ उसवायला लावले. नियम बरोबर होता, पण ते उसवताना त्या माणसाचा जो चेहरा झाला होता तो पुढं बरेच दिवस माझ्या डोळ्यासमोरून गेला नाही.

पण सांगायची आहे ती होसची गोष्ट. बहात्तरच्या दुष्काळातली.

बोटीवर आग लागली तर पळून जायला रस्ता नसतो. होस हाच आधार. हे होस तेव्हा बिनरबराचे असत, कारण रबर उन्हानं आणि खाऱ्या हवेनं घड्यांवर चिरतं. नुसत्या धाग्याची नळी, शिवण नसलेली, उशीच्या अभ्र्यासारखी सलग विणलेली. आता नुसत्या कापडातून पाणी गळत कसं नाही? तर पाणी आत शिरलं की धागा फुगतो, एकमेकाला दाबतो आणि सगळी भोकं बुजतात. तोवर चार-दोन मिनिटं होस बाहेरून पाझरतो. आमच्या भाषेत त्याला 'घाम फुटणं' म्हणत. घाम फुटायचा, मग थांबायचा. घाम थांबला की होस पास.

विलायती होस जवसाच्या धाग्याचे असत. आपल्याकडे ते सुताचे करून बघायचे ठरले आणि सोलापूरच्या एका गिरणीनं ते अंगावर घेतलं. तिथं होसचं वेगळं खातं काढलं, जाड माग लावले. खात्याचा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुख्य माणूस, नरसय्या. तेलुगू विणकरांच्या घरातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या हाताखालचे सगळे विणकर बदलीवाले, म्हणजे आज काम आहे, उद्याचं देवाला ठाऊक. मॅनेजर काटीकर यांनी मालकांकडून शब्द आणला होता. होसचा पहिला लॉट आरमारात पास झाला, तर खातं कायम आणि माणसंही कायम. नापास झाला, तर खात्याला टाळं. त्या वर्षी गावागावांतून माणसं खडी फोडायच्या कामावर निघाली होती. टाळं लागलं तर या विणकरांनाही हातात हातोडी घ्यावी लागणार होती, हे कुणी कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

पाण्याचं तर विचारूच नका. नळाला पाणी येईल तेव्हा खरं. गिरणीच्या चाळीतल्या बायका टँकरच्या वाटेवर कळशा मांडून बसत. गिरणीच्या आवारात आगीसाठी एक मोठी टाकी होती, तीत पाणी होतं, आणि ते आहे हे सगळ्या चाळीला माहीत होतं. अशा दिवसांत मी त्या टाकीचं पाणी होसमध्ये सोडणार होतो.

पहिली परीक्षा सकाळी झाली. पंपावर हुसेनभाई. होस आवारात लांब पसरला, तोंडं बांधली, पाणी सोडलं. होस काठीसारखा ताठ झाला. सगळे वाकून बघायला लागले. थेंब नाही. अजून वाट पाहिली. थेंब नाही. विणकरांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. काटीकर माझा हात धरून हलवायला लागले. "अहो, विलायती होसलासुद्धा घाम फुटतो म्हणता ना तुम्ही? आमच्याला तोही नाही!"

तेच तर माझ्या मनाला खात होतं. पहिल्या पाण्याला ज्याला घामच फुटत नाही असा कापडी होस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण चांगल्याला वाईट म्हणायचं तर हातात काही तरी हवं ना? मी म्हटलं, "वाळू दे. शिक्का उद्या."

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर होस दांडीवर वाळत घातलेला, आणि खालच्या टोकापासून वरपर्यंत त्याच्यावर मुंग्यांची रांग.

मुंग्या सुतावर चढत नाहीत. सुतात त्यांना काय मिळणार? मी होसचं टोक नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं. पाहणाऱ्यांना वाटलं असेल की उन्हानं साहेबाचं डोकं फिरलं. मग सरळ खात्यात गेलो.

"नरसय्या, सुताला खळ दिलीत का?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला सकाळी तोंड धुतलं का असं विचारलं होतं. "दिली की. चिंचुक्याची. पातळच दिली."

खळ म्हणजे मागावर चढवण्याआधी सुताला द्यायची पेज. तिनं सूत ताठ होतं आणि घासून तुटत नाही.

"अहो, पण ऑर्डरीत नको म्हटलं होतं!"

"न्हाय सायेब. ऑर्डरीत 'ड्रेसिंग' नको म्हटलंय. काटीकरसायबांनी वाचून दावलंय. ड्रेसिंग म्हंजे कापड झाल्यावर वरनं लावत्यात ते. ते थेंबभर लावलं न्हाय. खळ ही सुताची. खळ म्हंजे ड्रेसिंग व्हय?"

ज्यांनी ते इंग्रजी कलम लिहिलं, त्यांच्या डोक्यात दोन्ही एकच होतं. आणि ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या माग चालला, त्यांच्या डोक्यात ती दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या माणसांनी करायची. माझ्यासकट कुणालाही 'खळ नको' असे दोन साधे मराठी शब्द बोलावे असं वाटलं नव्हतं.

"आनि सायेब," नरसय्या म्हणाला, "खात्यात दमटपना ऱ्हायला न्हाय. फवारं बंद हायत, पानीच न्हाय तर. असल्या कोरड्या हवंत बिनखळीचा ताना घातला तर सूत फटाफटा तुटतंय. खळ देऊ नको म्हंजे पोराला उपाशी शाळंत धाड म्हनन्यासारखं हाय. पर पानी गळलं का, सांगा? न्हाय न्हवं?"

नव्हतं गळलं. पण का, ते आता मला कळलं होतं. भोकं धाग्यानं बुजली नव्हती, चिंचोक्याच्या पेजेनं बुजली होती. ती पहिल्या पाण्यात मऊ झाली, दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात धुऊन जाणार. खळीनं फुगलेल्या धाग्यावर वीण बसली होती. खळ गेल्यावर धागा बारीक होणार आणि वीण सैल पडणार. म्हणजे आग लागेल तेव्हा होस हातात, आणि पाणी खलाशांच्या पायावर.

हे मला पटलं होतं. पण नुसतं मला पटून भागणार नव्हतं. परीक्षा तर पास झाली होती, आणि नियमात परीक्षा एकदाच होती. मी मुंबईला ट्रंककॉल लावला. आमचे साहेब मोजकं बोलणारे.

"पास झाला ना? मग पाठवा. बोट निघायला आलीय."

"साहेब, पुन्हा दोन-तीनदा भिजवायचाय."

"कारण?"

"मुंग्या लागल्यात."



"होसला?"

"होसला."

"हे बघा," ते म्हणाले, "मी तुमच्या सहीवर बोट सोडणार आहे. काय ते आत्ता ठरवा. सही केल्यावर मला मुंग्या सांगायच्या नाहीत."

मी सही रोखली. आता पुन्हा पाणी पाहिजे होतं. त्या आठवड्यात मी दोनदा होस नुसता बादलीत बुचकळून वाळवला, तेवढं पाणी कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. पण शेवटी दाबाची परीक्षा टाकीच्या पाण्यावरच व्हायची होती. काटीकर भडकले. टाकी तळाला आली होती आणि उरलेलं पाणी त्याच दुपारी चाळीला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. गेटबाहेर कळशा, घागरी, डबे आधीच मांडले होते. "एकदा पास झालेला माल नापास करायला मी बायकांच्या तोंडचं पाणी काढू?" ते ओरडले. "बाहेर जाऊन तुम्हीच सांगा त्यांना!"

खरं सांगतो, माझी छाती झाली नाही. गेटवर सगळ्यात पुढं नरसय्याची बायको अंबव्वा उभी होती, आणि तिच्या जिभेची कीर्ती आवाराच्या आतपर्यंत पोचलेली होती.

तोड काढली हुसेनभाईनं. "क्या सायेब, इत्ता क्या सोचते? पानी टाकीसे गेटतक लेके जानाच है ना? तो इसीच होसमेंसे लेके जाव. तुम्हारा काम बी होता, औरतों का बी होता."

टाकीपासून गेटपर्यंत होस अंथरला. टोकाची तोटी अर्धी बंद ठेवली, म्हणजे आत दाबही राहील आणि कळशाही भरतील. सगळे विणकर माग थांबवून बाहेर आले. माझ्या बाजूला कुणी उभं राहिलं नाही. नरसय्या होसच्या मधोमध उभा राहिला, हाताची घडी घालून.

पाणी सोडलं. होस ताठ झाला. गेटवर पहिली कळशी भरली, दुसरी भरली. काटीकरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली होसकडे बघत होतो. अशा वेळी माणसाला आपण चुकावं असं वाटतं. मला मनापासून वाटत होतं.

मग एका जागी काळा डाग पडला. त्याच्याशेजारी दुसरा. डागातून बारीक चिळकांडी उडाली, आणि बघता बघता होस जागोजाग फुटल्यासारखा गळायला लागला. तापलेल्या फुफाट्यात पाणी पडत होतं आणि पडल्या जागी जिरत होतं. तिकडं तोटीची धार करंगळीएवढी झाली.

"आरं बंद करा की! समदं पानी मातीत चाललंय!" अंबव्वा ओरडली, आणि वॉचमनला बाजूला सारून बायका आत घुसल्या. परात, पातेलं, डबा, ज्या हातात जे होतं ते त्यांनी होसखाली सरकवलं. टाकीपासून गेटपर्यंत होसच्या खाली भांड्यांची रांग लागली. नरसय्या खाली बसला होता. एका चिळकांडीवर त्यानं तळहात दाबून धरला होता, तर पाणी त्याच्या बोटांतून येत होतं.

अंबव्वा परात धरून त्याच्यासमोरच बसली होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. आवाज न चढवता म्हणाली, "तुमीच इनलंय न्हवं?"

मी हुसेनभाईला पंप बंद करायला सांगितलं. लाल रंगानं होसवर नापासची फुली मारली. माझं खरं ठरलं होतं, आणि मला त्याचा जराही आनंद नव्हता.

टाळं मात्र लगेच लागलं नाही. खास होससाठी आणलेलं, अजून खळ न दिलेलं जाड सूत गोदामात पडून होतं, ते दुसऱ्या कशाच्या कामाचं नव्हतं. काटीकर मालकांशी भांडून आले आणि म्हणाले, "सूत आहे तोवर चालवा. त्यातूनही नाही जमलं तर मी काही करू शकत नाही." आणि मुंबईहून कळलं की बॉयलरचं काम लांबल्यानं बोट आणखी काही दिवस गोदीतच आहे. तेवढीच आमची मुदत.

आता खळ नाही आणि दमटपणाही नाही. पहिल्या दिवशी ताणा इतका तुटला की अख्ख्या पाळीत वीतभर होस झाला. चहाच्या गाड्यावर माझ्यापुढं कप आपटून ठेवायला लागले. मी चहा सोडला. तिसऱ्या दिवशी खात्यात गेलो तर मागांच्या मधल्या वाटांवर ओली गोणपाटं लोंबत होती आणि फरशी भिजलेली. पाणी चाळीतून येत होतं. भांडी घासल्याचं, अंघोळीचं, पोरांचे पाय धुतल्याचं, जे एरवी चाळीतल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतत ते. ही व्यवस्था अंबव्वाची. बायका बादल्या दारात ठेवून जात, विणकर गोणपाटावर शिंपडत. खात्यात वास असा सुटला होता की नाक धरून उभं राहावं, पण सूत तुटायचं थांबलं. एक बाई तांदूळ धुतल्याचं पाणी घेऊन आली, तर नरसय्यानं तिला दारातनंच परत धाडलं. "भाताचं धुन नगं. खळ व्हतीया त्याची!" फरशीवरचं पाणी सुतात जाणार नव्हतं हे त्यालाही कळत होतं. पण तो दुधानं पोळला होता.

लॉट झाला. मी तो वाळवून भिजवून, भिजवून वाळवून ठेवला आणि शेवटच्या परीक्षेला पुन्हा तोच बेत. टाकीत आदल्या दिवशी थोडं पाणी आलं होतं. टोकाला चाळीची भांडी. या वेळी बायका गेटच्या आतच, होसच्या कडेनं परात-पातेली घेऊन बसल्या होत्या. त्यांचा ना माझ्यावर भरवसा होता, ना नवऱ्यांवर.

हुसेनभाईनं पंप सुरू केला. होस ताठ झाला आणि लगेच त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत घाम फुटला. बारीक बारीक थेंब, मग ओघळ. खालची माती काळी पडली. बायकांत एकच गलका झाला आणि भांडी पुढं सरकली. एका विणकरानं डोक्याला हात लावला. काटीकर पाठ फिरवून उभे राहिले.

"थांबा," मी म्हटलं. "भांडी मागं घ्या. कुणी होसला हात लावायचा नाही."

"सायेब, पानी चाललंय!"

"जाऊ द्या!"

एवढं मोठ्यानं मी सोलापुरात कधी ओरडलो नसेन. बायकांनी भांडी मागं ओढली. नुसता पंपाचा आवाज. मी होसकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, फूग बाबा, फूग. नरसय्याचे ओठ हलत होते, तो तेलुगूत काय पुटपुटत होता ते त्यालाच माहीत. ओघळ बारीक झाले. थेंब राहिले. मग कापडावर नुसती ओल चमकत राहिली. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. खालच्या मातीचा काळा पट्टा कडेकडेनं फिकट व्हायला लागला.

काटीकर म्हणाले, "झालं का?" माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास बसत नव्हता.

अंबव्वा उठली. परात तिनं शेजारणीच्या हातात दिली आणि अनवाणी पायानं होसच्या कडेकडेनं चालायला लागली. प्रत्येक पावलाला टाच मातीत दाबून बघायची, मग पुढं. त्या वर्षी विहिरीत वाकून, आडात पोहरा सोडून, आभाळाकडे हात करून माणसं एकच शब्द बोलत होती, आणि तो बोलताना प्रत्येकाचा आवाज बसत होता. टाकीपासून निघून ती गेटपाशी पोचली, वळली, आणि नवऱ्याकडे बघून तोच शब्द अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असा आनंदानं ओरडली.

"कोरडं हाय!"